इंजेक्शन सिस्टरने द्यावं का?

झाशीच्या जुन्या तटाला दहा वेशी होत्या. त्यातल्या लक्ष्मी गेटातून बाहेर पडलं की नेवाळकरांच्या कुलदेवतेचं, महालक्ष्मीचं देऊळ लागतं. जवळच लक्ष्मीताल आहे आणि गंगाधररावांची छत्री. महाराष्ट्रातून येणारी मंडळी किल्ला बघून झाल्यावर सवड उरली तर इकडे फिरकतात. राणीची लढाई आपल्याला तोंडपाठ असते, पण तिचं बाळंतपण चरित्रांत एका ओळीत आटोपलेलं असतं. १८५१ मध्ये तिला मुलगा झाला आणि तो जेमतेम चार महिन्यांचा होऊन गेला. १८५३ च्या नोव्हेंबरात गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतला आणि डलहौसीने तो नामंजूर केला. ज्या काळात राजवाड्यातलं मूलही हाती लागेल याची खात्री नव्हती, त्या काळात वेशीबाहेरच्या बायकांचं काय होत असेल, हे लिहून ठेवायची कुणाला गरज वाटली नाही.

आज याच शहरात महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज आहे, जिल्हा महिला रुग्णालय आहे. ललितपूर, महोबा आणि मध्य प्रदेशाच्या हद्दीतल्या दतिया, निवाडी, टीकमगढकडूनही अडलेल्या बायका इथे येतात. बहुतेक जणी ‘रेफर’ होऊन. खाली ग्रामीण केंद्रात रात्रीच्या ड्युटीला एकच सिस्टर असते, डॉक्टर घरी किंवा रजेवर. बाईला झटके येऊ लागतात, किंवा वार पडल्यावर रक्त थांबत नाही. सिस्टर अँब्युलन्सला फोन करते. गाडी येऊन झाशी गाठेपर्यंतच्या मधल्या वेळात तिने काय करायचं? नुसतं काय करावं एवढंच नव्हे, तर काय करायची तिला परवानगी आहे? बाळंतपणाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांचा सगळा इतिहास या दुसऱ्या प्रश्नाभोवती फिरतो, असं माझं मत आहे. बाकी तक्ते, चौकटी, रंगीत पोस्टर्स हा त्याभोवतीचा पसारा.

बुंदेलखंडात नाळ कापायचं काम परंपरेने बसोर समाजातल्या बायकांकडे होतं. चरुआ चढवायचा, म्हणजे औषधी घालून बाळंतिणीचं पाणी उकळायचं, तो घरच्या बायकांचा मान. रक्तामांसाचं काम मात्र बसोरणीचं. आपल्याकडेही पाचवीची पूजा घरातल्या थोरल्या बाईची आणि वार पुरण्याचं काम सुईणीचं. ज्या हातांना सगळ्यात जास्त ठाऊक होतं ते हात विटाळाचे ठरले. इंग्रजी अमदानीत १८८५ साली लेडी डफरिन फंड निघाला, १९०३ मध्ये दायांना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल फंड. दोन्हींची दायांकडे बघायची नजर साधारण एकच होती, ती म्हणजे या बायकांना एकतर स्वच्छ करा किंवा बाजूला सारा.

मराठी मुलखात त्याच सुमाराला एक वेगळी वाट निघाली. आनंदीबाई जोशींनी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेतली, तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदू समाजातलं प्रसूतिशास्त्र हाच होता. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि रमाबाई रानड्यांनी पांढरपेशा घरांतल्या मुलींना, विधवांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला धाडलं. परक्या जातीच्या बाईचं बेडपॅन उचलायला सोवळ्यातल्या बाईने जायचं! नर्सिंगच्या इतिहासात ही गोष्ट समाजसुधारणा म्हणून नोंदली जाते. माझ्या दृष्टीने तिचं महत्त्व आणखी आहे: बाळंतपणाच्या कामाला पगार, गणवेश आणि शाळा मिळाली.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात मातामृत्यूचा अंदाज दिला तो हजार जन्मांमागे वीस. आजच्या हिशेबाने लाखामागे दोन हजार. १९४७ साली इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला आणि पन्नाशीच्या दशकात एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) ही नवी कर्मचारी आली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातला मोठा भाग सुईणपणाचा. इथवर सगळं ठीक होतं. मग सत्तरच्या दशकात कर्तारसिंग समितीची ‘बहुउद्देशीय’ कर्मचाऱ्याची कल्पना आली आणि कुटुंबनियोजनाच्या टार्गेटांनी एएनएमला गिळलं. अभ्यासक्रम दीड वर्षावर आला, त्यात प्रसूतीचे धडे आणखी आखूड झाले. लसीकरण, गोळ्या, नसबंदीच्या केसेस, रजिस्टरं. हुद्द्यात मिडवाइफ राहिली, कामातून गेली. स्वतंत्र भारताच्या आरोग्यधोरणातली ही सर्वांत महागडी चूक होती, असं म्हणायला मी कचरणार नाही. तेव्हापासून आपण तीच भरून काढतो आहोत.

वळण आलं २००५ साली. त्या वर्षी जननी सुरक्षा योजना सुरू झाली, तिची चर्चा फार झाली. त्याच वर्षी केंद्राच्या आरोग्य खात्याने एएनएम, एलएचव्ही (लेडी हेल्थ व्हिजिटर) आणि स्टाफ नर्ससाठी प्रसूतिसेवेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. २०१० मध्ये त्या सुधारून पुन्हा आल्या. प्रशिक्षण अवघं एकवीस दिवसांचं, पण पुस्तिकेतली खरी क्रांती परवानगीची होती. मूल बाहेर आल्याबरोबर ऑक्सिटोसिनचं दहा युनिटचं इंजेक्शन सिस्टरने स्वतः द्यावं. झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही ढुंगणांत पाच-पाच ग्रॅम, देऊन मग पाठवावं. अँटिबायोटिकचा पहिला डोस, सलाईन, हेही. डॉक्टरच्या चिठ्ठीची वाट बघायची नाही. यातलं बरंचसं त्याआधी डॉक्टरांचं राखीव कुरण होतं.

ही मुभा सुखासुखी मिळालेली नव्हती, तिच्यामागे पुरावा उभा करावा लागला. त्यातला एक भक्कम पुरावा आपल्या दाराशी, बेळगाव जिल्ह्यात उभा राहिला. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजने अमेरिकी संशोधकांबरोबर एक साधा प्रश्न हाती घेतला: डॉक्टर नाही, फ्रीज नाही, अशा ठिकाणी बाळंतपण करणाऱ्या एएनएमने मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या तोंडाने दिल्या तर रक्तस्राव कमी होतो का? १,६२० बायका त्यात सहभागी झाल्या. निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं, तीव्र रक्तस्रावाचं १.२ वरून ०.२ वर. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये रक्तस्राव टाळण्यासाठी ही गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घेतली.

त्या अभ्यासातली दुसरी वस्तू मला गोळीहून जास्त आवडते. रक्त किती गेलं हे सिस्टर आतापर्यंत नजरेने ठरवायची. चादर किती भिजली, कापूस किती लागला यावरून. बेळगावात बाळंतिणीच्या खाली अंथरायची प्लास्टिकची पिशवी बनवली, खाली निमुळती, बाहेरून मापाच्या रेघा. बनवणाऱ्यांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव ‘ब्रास-व्ही’. ती वापरून पाहिल्यावर कळलं की नजरेचा अंदाज सुमारे एक तृतीयांशाने कमी पडतो. म्हणजे बाई धोक्याच्या रेषेवर पोचलेली असताना आपण ‘थोडंसंच गेलंय’ म्हणत बसतो. २०२३ मध्ये केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ऐंशी रुग्णालयांत अशाच मापाच्या पिशवीवर आधारलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. पिशवीतलं रक्त ठरावीक रेघेला लागलं की गर्भाशय चोळणं, औषधं, सलाईन, तपासणी हे सगळं एकदम सुरू करायचं, एकेक करत बसायचं नाही. तीव्र रक्तस्राव आणि त्याचे दुष्परिणाम साठ टक्क्यांनी घटले. पिशवीची रेघ सिस्टरला दिसते, म्हणून निर्णयही तिचाच होतो.

मॅग्नेशियमचीही अशीच कथा आहे. तेहतीस देशांतल्या दहा हजारांहून अधिक बायकांवरच्या ‘मॅगपाय’ अभ्यासाने २००२ मध्ये दाखवून दिलं की या स्वस्त औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. पण ठरलेला डोस धिप्पाड बायकांच्या मापाचा. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या कमी वजनाच्या बायकांसाठी कमी डोसची पद्धत मांडली. राष्ट्रीय पुस्तिकेने ती घेतली नाही. पहिला डोस दहा ग्रॅमचाच ठेवला. एका अर्थी बरोबर, कारण एकट्या सिस्टरसाठी नियम एकच आणि लक्षात राहणारा हवा. पण असे वाद पुस्तिकेच्या पानांवर कधी दिसत नाहीत, आणि सिस्टरला वाटतं की हे सगळं आकाशातून पडलं आहे.

आता आकडे. उत्तर प्रदेशात २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातल्या साधारण एकवीस बायका दवाखान्यात बाळंत होत; २०१९-२१ मध्ये त्र्याऐंशी. चौपट वाढ. मातामृत्यू मात्र २०१८-२० च्या नमुना नोंदणीत लाखामागे १६७. महाराष्ट्रात त्याच वेळी ३३, देशाचा ९७. उत्तर प्रदेश पुष्कळ खाली आला हेही खरं. २००४-०६ मध्ये उत्तराखंड धरून तो ४४० होता. तरीही बाईला खाटेपर्यंत आणण्याने काम अर्ध्यावरच येतं. उरलेलं काम खाटेशेजारी उभी असलेली बाई करते.

हे सगळ्यात स्वच्छ दाखवलं ते एका मराठी घरातल्या माणसाने, आणि अपयशातून. अतुल गावंडे हे अमेरिकेतले शल्यचिकित्सक. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडजवळच्या उटी गावचे. शस्त्रक्रियेची चेकलिस्ट त्यांनी जगभर नेली होती. बाळंतपणाची चेकलिस्ट आधी कर्नाटकातल्या एका केंद्रात वापरून पाहिली, तेव्हा २९ पैकी सरासरी १० गोष्टी करणारे कर्मचारी २५ गोष्टी करू लागले. मग उत्तर प्रदेशातले चोवीस जिल्हे, १२० केंद्रं, दीड लाखांवर बाळंतपणं. निम्म्या केंद्रांत सिस्टरांना शिकवायला, हात धरून दाखवायला माणसं नेमली. दोन महिन्यांत तिथे आवश्यक गोष्टींचं पालन उरलेल्या केंद्रांतल्या ४२ च्या तुलनेत ७३ टक्क्यांवर गेलं. शिकवणारे निघून गेल्यावर ६२ वर उतरलं. आणि आई-बाळांचे मृत्यू? दोन्ही गटांत जवळपास सारखे. २०१७ च्या डिसेंबरात हे छापून आलं तेव्हा अनेकांना धक्का बसला. मला मात्र तो निष्कर्ष प्रामाणिक आणि फार उपयोगी वाटतो. यादीने सिस्टर हात धुवू लागली, बीपी बघू लागली. बीपी १६०/११० निघाल्यावर पुढे काय, तर कपाटात औषध नाही, रक्त नाही, वर पाठवायची गाडी दोन तासांवर. नुसत्या खुणा करून मृत्यू टळत नाहीत.

पार्टोग्राफचं तेच झालं. कळांची प्रगती आलेखावर मांडायची पद्धत १९७२ मध्ये फिलपॉट आणि कासल यांनी ऱ्होडेशियात मुद्दाम दूरच्या मिडवाइफसाठी बसवली. रेघ ओलांडली की बाईला पाठव, कुणाला विचारू नकोस. आपल्याकडे तो बहुधा मूल जन्मल्यावर भरला जातो, आणि रेघ इतकी सरळ येते की त्या बाईला कळा आल्या होत्या की नाही अशी शंका यावी.

याच ऑक्सिटोसिनचं एक उपकथानक सांगायलाच हवं. उत्तरेत ‘दर्द बढ़ाने की सुई’ म्हणून ते बाळंतपण उरकायला सर्रास टोचलं जातं, आणि दूध वाढावं म्हणून गाई-म्हशींनाही. गोठ्यातला गैरवापर थांबवायला केंद्राने २०१८ च्या एप्रिलमध्ये खासगी कंपन्यांना देशासाठी ते बनवायलाच बंदी केली. एका सरकारी कंपनीवर सगळी भिस्त. एका खात्याची पुस्तिका सांगते की प्रत्येक बाळंतिणीला हे द्या, आणि त्याच खात्याची अधिसूचना त्याचा पुरवठाच आवळते! दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच डिसेंबरात ती रद्द केली. हे औषध दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं आणि झाशीचा उन्हाळा पंचेचाळीसला जातो, हे अधिसूचना लिहिणाऱ्यांना सांगायला कुणी सिस्टर त्या खोलीत नसावी.

२०१७ साली ‘लक्ष्य’ कार्यक्रम आला. प्रसूतिकक्षाची गुणवत्ता, सोबतीला घरची बाई, ओरडणं-मारणं नाही, हवी ती बसण्याची स्थिती. २०१८ च्या डिसेंबरात त्याहून मोठा कागद आला, देशातल्या मिडवाइफरी सेवांच्या मार्गदर्शक सूचना. नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हे नवं पद, नोंदणीकृत नर्सला अठरा महिन्यांचं शिक्षण, आणि गर्दीच्या रुग्णालयांत तिच्या नेतृत्वाखालचं वेगळं युनिट. गुंतागुंत नसलेलं बाळंतपण तिने स्वतःच्या जबाबदारीवर करायचं. त्याआधी वर्षभर तेलंगणात हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलच्या मदतीने असं शिक्षण सुरू झालेलं होतं. सीझरचं प्रमाण खासगी रुग्णालयांत ४७ टक्क्यांवर गेलेल्या देशात ही सूचना नुसती गरिबांसाठी नाही. पुण्या-मुंबईच्या सुनांनाही तिचा उपयोग आहे, म्हणूनच खासगी प्रसूतिगृहांना ती फारशी रुचेल असं दिसत नाही.

या कागदाने सत्तरच्या दशकातली ती चूक मान्य केली, न बोलता. आता अडचण वेगळीच आहे. पद निर्माण करायचं काम राज्यांचं. २०२३ च्या राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाच्या कायद्याने नर्सिंग कौन्सिलचा जुना कायदा मागे टाकला आणि मिडवाइफला नावानिशी जागा दिली. पण तिचा पगार, बढती आणि चूक झाली तर तिच्या पाठीशी कोण, हे जिल्हा रुग्णालयाच्या आस्थापना शाखेत ठरतं. आणि वरच्या रुग्णालयांवर दबाव किती असतो ते झाशीने २०२४ मध्ये बघितलं. १५ नोव्हेंबरच्या रात्री मेडिकल कॉलेजच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली आणि दहा बाळं त्याच रात्री गेली. आकडा नंतर वाढला. कक्षात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त बाळं होती. खालची केंद्रं सगळं वर ढकलत राहिली की वरच्या खाटा अशाच भरतात.

केंद्राच्या सूचनांत कित्येक वर्षांपासून एक छोटं वाक्य आहे: प्रसूतिकक्षात तयार झालेल्या सिस्टरची ड्युटी दुसऱ्या वॉर्डात फिरवू नये. त्याला ना औषध लागतं ना निधी. मेट्रनने वेळापत्रक तसं लावायचं, आणि सिव्हिल सर्जनने त्यावर सही करायची.