डीव्हीडीची प्रत : रात्रभराचे काम तासावर कसे आणावे?

लग्न, मुंज, साठीशांत अशा प्रसंगांच्या चित्रीकरणाच्या डीव्हीडी महाराष्ट्रातील असंख्य घरांत कपाटाच्या तळाशी पडून आहेत. २००० नंतरच्या दशकात शूटिंगवाल्यांकडून घेतलेल्या या तबकड्या बाजारात मिळणाऱ्या चित्रपटांच्या तबकड्यांप्रमाणे साच्यातून छापलेल्या नसतात. सेंद्रिय रंगाच्या पातळ थरावर लेसरने खुणा करून त्या 'राइट' केलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमट हवा यांनी हा थर कालांतराने खराब होतो, वर हौसेने चिकटवलेले नवरा-नवरीच्या छायाचित्राचे स्टिकर फुगले तर तबकडीचा तोलही जातो. त्यातच नवीन लॅपटॉपमधून डीव्हीडी ड्राइव्ह हद्दपार झाला आहे. चित्रीकरणात दिसणारी आजी-आजोबांची पिढी आज नाही आणि त्यांचे हलते-बोलते चित्र एवढे एकच उरले आहे, अशीही अनेक घरे आहेत.

असे असूनही हे काम पुढे ढकलले जाते. एकदा कोणीतरी हौसेने सुरू करतो, पडद्यावर 'शिल्लक वेळ सहा तास' असे दिसते आणि उरलेल्या वीस तबकड्या पुन्हा कपाटात जातात. वास्तविक आजच्या संगणकाला एवढा वेळ लागण्याचे कारण नाही. तो कुठे जातो हे समजले, तर बराचसा वाचवता येतो.

प्रथम थोडा हिशेब. भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत सेकंदाला २५ फ्रेम असतात आणि प्रत्येक फ्रेम ७२० बाय ५७६ बिंदूंची असते. तीन तासांच्या लग्नात २ लाख ७० हजार फ्रेम भरतात. संगणक सेकंदाला २५ फ्रेम हाताळत असेल तर पूर्ण तीन तास लागतील, ३०० हाताळत असेल तर पंधरा मिनिटे. पेंटियम फोरच्या काळात चित्रपट ७०० एमबीच्या सीडीत बसवण्यासाठी डिव्हएक्स किंवा एक्सव्हिडमध्ये दोन फेऱ्यांचे एन्कोडिंग लावून लोक झोपी जात आणि पहाटे लोडशेडिंगने वीज गेली की सारे मुसळ केरात. तेव्हाच्या सल्ल्यांपैकी बरेचसे आजही तोंडोतोंडी चालत आले आहेत, पण त्यांची गरज संपली आहे.

डीव्हीडीवरील चित्र एमपेग-२ या पद्धतीने साठवलेले असते. ते उलगडायचे, आवश्यक तर स्वच्छ करायचे आणि २००३ मध्ये प्रमाणित झालेल्या एच.२६४ सारख्या अधिक काटकसरी पद्धतीने पुन्हा आवळून बांधायचे, हे एन्कोडिंगचे स्वरूप. म्हणजे तबकडी वाचणे, चित्र उलगडणे, गाळण्या लावणे, पुन्हा बांधणे आणि हार्ड डिस्कवर लिहिणे अशी कामांची साखळी असते. पंगतीत सर्वांत सावकाश जेवणाऱ्याचे आटोपल्याशिवाय पंगत उठत नाही, तसाच प्रकार येथे आहे. महागडा प्रोसेसर घेऊनही वेग वाढत नसेल तर अडचण दुसऱ्याच पानावर बसलेली असते.

अनेकदा ते पान डीव्हीडी ड्राइव्हचे असते. ड्राइव्हचा 'एक पट' वेग सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी असतो. या वेगाने ४.७ जीबीची तबकडी वाचायला जवळजवळ ५७ मिनिटे लागतात. खोक्यावर आठ पट किंवा सोळा पट असे छापलेले असले, तरी तो वेग तबकडीच्या बाहेरच्या कडेलाच गाठला जातो आणि वाचन सुरू होते ते आतल्या बाजूने. ओरखडा आला की ड्राइव्ह वेग कमी करून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. तोवर प्रोसेसर रिकामा बसतो. यावर उपाय सोपा आहे. तबकडीवरून थेट एन्कोडिंग करूच नये. तिची जशीच्या तशी प्रत, मग ती 'व्हिडिओ_टीएस' हा फोल्डर असो वा आयएसओ फाइल, आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावी आणि पुढील काम त्या प्रतीवर करावे. सेटिंग चुकले तरी तबकडी पुन्हा फिरवावी लागत नाही. जीर्ण तबकडीच्या बाबतीत हा लाभ वेगापेक्षाही मोठा.

दुसरा खोळंबा गाळण्यांचा. कॅमेऱ्याच्या टेपवरून आलेले घरगुती चित्रीकरण बहुतेक वेळा इंटरलेस्ड असते. म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते. संगणकाच्या पडद्यावर वरातीत नाचणाऱ्यांच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात, त्या यामुळेच. येथे डीइंटरलेस गाळणी हवीच, तिच्यावर वेळ वाचवू नये. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधील 'डीकोम्ब' ही गाळणी ज्या फ्रेममध्ये असे दात दिसतात तेवढ्याच दुरुस्त करते, त्यामुळे काम हलके होते. चित्रातील दाणे काढणारी 'एनएलमीन्स' गाळणी मात्र अत्यंत वेळखाऊ आहे. मंद दिव्यांत झालेल्या स्वागत समारंभाच्या चित्राला तिचा उपयोग होतो. पण प्रत्येक तबकडीला ती सरसकट लावणे म्हणजे वेळेची उधळपट्टी. चित्र 'फुल एचडी' करण्याचा मोहही टाळलेला बरा. ७२० बाय ५७६ चे १९२० बाय १०८० केले की बिंदूंची संख्या नेमकी पाचपट होते, तपशील मात्र मूळचाच राहतो. मोठे करून दाखवण्याचे काम टीव्ही स्वतः करतोच.

आता प्रत्यक्ष एन्कोडर. एक्स२६४ हा सर्वाधिक वापरला जाणारा एन्कोडर 'अल्ट्राफास्ट'पासून 'व्हेरीस्लो'पर्यंत वेगाच्या पायऱ्या देतो. त्याही खाली 'प्लासिबो' नावाची एक पायरी आहे. औषध नसलेल्या गोळीचे नाव तिला देण्यात निर्मात्यांची थट्टा आहेच, पण सल्लाही आहे. सावकाश पायरीवर एन्कोडर दोन फ्रेममधील साम्य अधिक कसून शोधतो आणि फाइल थोडी लहान होते. मधल्या पायरीवरून सर्वांत सावकाश पायरीवर गेल्यास वेळ कित्येक पटींनी वाढतो, जागेची बचत मात्र त्या मानाने किरकोळ असते. घरगुती तबकडीसाठी 'फास्ट' किंवा 'मीडियम' पुरेसे आहे. 'अल्ट्राफास्ट'वर मात्र एन्कोडर आपली बरीच हत्यारे खाली ठेवतो आणि फाइल विनाकारण फुगते.

जुन्या दोन फेऱ्यांच्या पद्धतीचा आग्रहही सोडावा. फाइल ठरावीक आकारात बसवायची असेल तरच दोन फेऱ्यांना अर्थ आहे. सीडीत बसवण्याची सक्ती आता नाही. त्याऐवजी 'स्थिर गुणवत्ता' हा पर्याय निवडून हँडब्रेकमध्ये आरएफ हा आकडा १८ ते २२ च्या दरम्यान ठेवला की एका फेरीत काम होते. डीव्हीडीच्या दर्जाच्या चित्रासाठी हीच मर्यादा सुचवली जाते. आकडा जितका लहान तितके चित्र चांगले आणि फाइल मोठी.

ग्राफिक्स कार्डातील किंवा प्रोसेसरमधील खास एन्कोडरचा पर्याय अनेकांना खुणावतो. इंटेलचे क्विक सिंक २०११ पासून, तर एनव्हिडियाचे एनव्हेंक २०१२ पासून उपलब्ध आहे. वेगाबाबत शंका नाही. तथापि तेवढीच गुणवत्ता राखायची तर फाइल एक्स२६४ पेक्षा मोठी होते. शेकडो तबकड्या उरकायच्या असतील तर तो व्यवहार मान्य करावा. पाच-दहाच असतील तर साधा एन्कोडर बरा. २०१३ मध्ये आलेल्या एच.२६५ ची गत उलट आहे : जागा कमी, पण प्रोसेसरवर भार बराच अधिक. डीव्हीडीएवढ्या लहान चित्रात त्या कष्टाचे मोल फारसे मिळत नाही.

सोळा कोअरचा संगणक असूनही डीव्हीडीचे एन्कोडिंग अपेक्षेएवढे धावत नाही, ही आणखी एक तक्रार. चित्र लहान असल्याने इतक्या हातांना वाटून देण्याएवढे कामच त्यात नसते. अशा वेळी दोन तबकड्यांचे काम एकाच वेळी लावल्यास रिकामे कोअर कामाला लागतात. हँडब्रेकच्या नव्या आवृत्त्यांत तशी सोय आहे. लॅपटॉपवर मात्र उष्णता आडवी येते. तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. लॅपटॉप गादीवर न ठेवता टेबलावर ठेवावा आणि चार्जर जोडलेला असावा, एवढी साधी काळजीही फरक पाडते. सर्व वीस तबकड्या रांगेत लावण्यापूर्वी वरातीचा किंवा सप्तपदीचा दोन मिनिटांचा तुकडा एन्कोड करून टीव्हीवर पाहावा; वेगाचा अंदाज आणि चित्राची खात्री दोन्ही होतात.

या साऱ्यापूर्वी एक प्रश्न विचारायला हवा : एन्कोडिंग करायचेच कशाला? एक टीबीच्या हार्ड डिस्कवर ४.७ जीबीच्या दोनशेहून अधिक पूर्ण भरलेल्या तबकड्या जशाच्या तशा मावतात. मेकएमकेव्हीसारखे सॉफ्टवेअर चित्राला हात न लावता ते नव्या फाइलीत बांधून देते. तबकडी वाचायला लागतो तेवढाच वेळ, गुणवत्तेत तसूभरही घट नाही. मोबाइलवर नातेवाइकांना पाठवण्यासाठी लहान प्रत हवी असेल तर ती या मूळ प्रतीवरून कधीही करता येते. लहान प्रत तयार झाली म्हणून मूळ प्रत पुसून टाकणे ही या कामातील सर्वांत महागडी घाई होय.

बाजारातील चित्रपटांच्या तबकड्यांची गोष्ट वेगळी. त्यांवर सहसा कुलूप असते आणि मालकाच्या हक्काचा भंग करण्याच्या हेतूने ते तोडणे हा कॉपीराइट कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीनुसार गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घरच्या लग्नाच्या तबकडीला असे कुलूप सहसा नसतेच.

ज्या तबकड्या अर्ध्यावर अडकतात, त्यांच्यासाठी मात्र घाई उपयोगाची नाही. जीएनयू डीडीरेस्क्यू हे मोफत साधन आधी सहज वाचता येणारा भाग उतरवून घेते आणि मग अवघड जागांवर पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. कुठले भाग मिळाले आणि कुठले राहिले याची नोंद ते एका फाइलीत ठेवते, त्यामुळे काम मध्येच थांबवून पुढे चालू करता येते. एका ड्राइव्हला न जमलेले तुकडे पुष्कळदा दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हला वाचता येतात. तीच नोंद वापरून शेजाऱ्याचा जुना ड्राइव्ह जोडला की केवळ राहिलेले तुकडेच नव्याने वाचले जातात. याला एखादी रात्र लागली तर लागू द्यावी.