एपिसोडचा मजकूर: केसाएवढ्या जागेत शंकूची स्प्रिंग

नाशिकहून बोलतोय. आधी टीव्हीच्या रिमोटचं मागचं झाकण काढा. सेलच्या वजा टोकाला स्प्रिंग दिसेल, खाली रुंद आणि वर निमुळती. बोटाने दाबून बघा. साध्या स्प्रिंगचे वेढे दाबल्यावर एकावर एक बसतात. हिचे एकमेकांच्या आत शिरतात आणि ती जवळजवळ सपाट होते.

आता हीच स्प्रिंग केसाच्या जाडीच्या दोन-तीन पट उंचीची करायची. कशाला? फोनचा कॅमेरा फोकस करतो तेव्हा लेन्स जेमतेम तेवढीच सरकते. बहुतेक फोनमध्ये हे काम चुंबक आणि कॉइल करतात, आणि लेन्स धरून ठेवायलाही करंट वाहता ठेवावा लागतो. त्याऐवजी दोन पट्ट्यांना विरुद्ध चार्ज दिला तर त्या एकमेकींना ओढतात आणि धरून ठेवायला करंट जवळपास लागतच नाही. पण अंतर अर्धं झालं की ओढ चौपट होते. त्यामुळे स्प्रिंगवर टांगलेली पट्टी मधल्या अंतराचा एक तृतीयांश भाग सरकली की ताबा सुटतो आणि ती धपकन चिकटते. अंतर मोठं ठेवावं, तर ओढच पुरत नाही.

शंकू इथे कामाला येतो. सगळ्यात खालचा वेढा तळाच्या इलेक्ट्रोडला जवळपास टेकलेलाच असतो, मध्ये फक्त इन्सुलेशनचा पातळ थर. व्होल्टेज वाढवलं की तो आधी चिकटतो, मग त्याच्या आतला, मग त्याच्या आतला. बॅगेची चेन लागते ना, अगदी तसं. प्रत्येक वेळी ओढायचं अंतर छोटं, पण एकूण प्रवास पूर्ण उंचीचा. व्होल्टेज काढलं की स्प्रिंग आपली आपण उठते. मला यातली ही गोष्ट सगळ्यात आवडते.

पण बनवायची कशी? चिपच्या कारखान्यात सगळं थरांचं आणि सपाट. टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सेइची हाता यांच्या गटाने धातूच्या काचेचा, म्हणजे मेटॅलिक ग्लासचा पातळ थर वापरला. त्यात आधी सपाट चकलीसारखा आकार कोरला, खालचं सिलिकॉन काढून टाकलं, मग तापवून मधला भाग वर ढकलला. हा पदार्थ ठरावीक तापमानाला चिक्कीच्या पाकासारखा मऊ होतो आणि गार झाल्यावर आकार धरतो. (चिक्कीसारखा कडकन मोडत मात्र नाही, स्प्रिंगपणा राहतो.)

आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्रसन्न गांधी यांच्या लॅबमध्ये थ्रीडी सूक्ष्मरचनांवर दुसऱ्या वाटेने काम झालंय. तिथे लेसरने द्रव रेझिन घट्ट करतात. नेहमीच्या पद्धतीत थरावर थर चढतात, म्हणून उतारावर पायऱ्या पडतात. त्यांच्या ‘बल्क लिथोग्राफी’त लेसर एकदाच फिरतो आणि प्रकाश कमी-जास्त करून रेझिन किती खोल घट्ट व्हायचं ते ठरवतो. उतार गुळगुळीत येतो. पण स्प्रिंगच्या वेढ्यांखाली मोकळी जागा लागते, त्यासाठी थरच लावावे लागतात. शिवाय रेझिनमधून वीज वाहत नाही, म्हणून वरून धातूचा मुलामा हवा.

आणि हो, अशा ॲक्च्युएटरला फोनच्या बॅटरीच्या कितीतरी पट व्होल्टेज लागतं. ते वाढवणारं सर्किट कसं चालतं, ते पुढच्या एपिसोडमध्ये.