खाद्य कीटकांची साठवण : मोपानी अळीचा धडा

कीटक हें अन्न म्हटलें म्हणजे आमच्या पुष्कळ वाचकांस किळस येईल. परंतु झिंबाब्वे, बोट्स्वाना व दक्षिण आफ्रिकेचा उत्तर भाग येथें मोपानी झाडावरील अळी हें साठवणीचें अन्न आहे. या झाडाचें पान आपट्याप्रमाणें दुभागलेलें असतें. वाळलेल्या अळीच्या वजनांत निम्म्याच्या आसपास प्रथिनें असतात, व ती नीट राखल्यास अनेक महिने टिकते. ती कशी राखावी हें आम्ही येथें सांगत आहों; कारण त्यांतील तत्त्व भुईमूग किंवा सुके बोंबील सांठविणारासहि तितकेंच लागू आहे.

औषध फवारलेल्या झाडावरील व मेलेली अळी घेऊं नये. पूर्ण वाढलेल्या अळ्या वेंचून, बोटांनीं दाबून त्यांच्या पोटांतील पाला काढून टाकतात. तो राहिल्यास माल लवकर नासतो. नंतर त्या धुऊन मिठाच्या पाण्यांत उकळतात.

एकदां उकळलें म्हणजे काम झालें, ही समजूत घातक आहे. उकळल्यानें जिवंत जंतु मरतात. परंतु कांहीं जंतूंचे बीजाणू तग धरतात आणि ओल मिळतांच वाढीस लागतात. केनियांत प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंडून ठेवलेली वाळवी खाऊन बॉट्युलिझम या विषबाधेनें माणसें दगावल्याचें वृत्त १९८० सालीं वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. हा जंतु जेथें ओल आहे व हवा नाहीं तेथेंच विष निर्माण करतो. म्हणून ओला माल कधींहि कोंडूं नये.

वाळवण उघड्या मातीवर न घालतां बांबूच्या तट्ट्यावर पातळ पसरावें व सायंकाळीं दंव पडण्यापूर्वीं झांकावें. अळी मोडून पाहावी. वांकली तर आंत ओल आहे, कडकन् तुटली तर ती वाळली असें समजावें. उन्हांतील ऊन माल डब्यांत भरल्यास आंत पाणी सुटतें. यास्तव तो पुरता निवल्यावरच घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावा, डबा जमिनीपासून उंच ठेवावा आणि मधून मधून तपासावा.

बुरशी दिसल्यास तेवढाच भाग निवडून टाकणें पुरेसें नाहीं. भुईमुगावरील बुरशीचें अफ्लाटॉक्सिन हें विष या अळींतहि आढळलें आहे, आणि तें घरगुती शिजवण्यानें नष्ट होत नाहीं. असा माल कोंबड्यांसहि घालूं नये. तसेंच ज्यांस कोळंबी बाधते, त्यांनीं कीटक वर्ज्य करावेत.

सारांश, आंच एकदांच द्यावयाची असते. ओलीवरची नजर मात्र डबा रिता होईपर्यंत ठेवावी लागते.