अंदमानला जाताय? मग हे वाचून जा

फायनल इयरची टूर अंदमानला न्यायची अशी टूम हॉस्टेलवर दरवर्षी निघते आणि बजेट बघून गोव्यावर येऊन थांबते. पण यंदा कुणी खरंच निघालं तर? मी मागच्या सुट्टीत घरच्यांबरोबर जाऊन आलेय, म्हणून हा खटाटोप.

पहिलं म्हणजे घड्याळ. अंदमान आपल्या बरंच पूर्वेला, पण वेळ मात्र आपलीच. त्यामुळे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य गायब! दहाला उठणाऱ्यांचा अर्धा दिवस गेलाच समजा. नावंही बदललीत. हॅवलॉक २०१८ पासून स्वराज द्वीप आणि पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम. बीचवरचे शंख, प्रवाळ सुंदर दिसतात, पण खिशात घालू नका. मेलेला तुकडासुद्धा नाही. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी बघायला मराठी माणूस जातोच (१९११ ते १९२१ ते या जेलमध्ये होते). तिथल्या फाशीघरात दात काढून ग्रुप फोटो घेणारेही दिसतात. तुम्ही प्लीज नका घेऊ.

आता मुख्य गोष्ट. चुनखडीच्या गुहा बघायला बाराटांगला जायचं तर अंदमान ट्रंक रोड लागतो आणि तो जारवांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या चेकपोस्टवरून गाड्या ठरलेल्या वेळी एकत्र सोडतात. मध्ये थांबायचं नाही, ओव्हरटेक नाही, फोटो नाही, खायला काही द्यायचं नाही. आमच्या गाडीतले एक काका तरी विचारत होते, "जारवा दिसतील ना नक्की?" मांडीवर बिस्किटांचे पुडे तयार! ड्रायव्हरने ते सरळ डिकीत टाकायला लावले. मला तो ड्रायव्हर जाम आवडला.

काकांचा हेतू वाईट नसेलही. पण जारवा आहेत जेमतेम काही शे. १९९८ च्या सुमारास ते बाहेरच्या लोकांत येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याला लहानपणी लस मिळते, त्यांच्या शरीराला हा रोगच अनोळखी. म्हणजे आपली एक शिंकसुद्धा त्यांना महागात पडू शकते. खाण्याच्या बदल्यात जारवा बायकांना नाचवल्याचा व्हिडिओ २०१२ मध्ये बाहेर आला, तेव्हा देशभर गदारोळ झाला. सुप्रीम कोर्टाने तर २००२ मध्येच हा रस्ता त्या भागात बंद करायला सांगितलं होतं. गाड्या अजून जातात.

आपल्या हॉस्टेलच्या खिडकीसमोर रोज गाड्या थांबवून कुणी आपल्याला केळी फेकली तर कसं वाटेल?

निव्वळ 'जारवा बघायला' जायचं असेल तर बाराटांग कटाप करा, राधानगर बीचवर लोळा. गुहांसाठीच जायचं असेल तर ओरिजिनल आयडी सोबत ठेवा, खाऊ बॅगेत ठेवा, कॅमेरा बंद. पहिल्या कॉन्व्हॉयसाठी पहाटे तीन-साडेतीनला निघावं लागतं. सबमिशनच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांना ते काही जड नाही.