खाऱ्या पाण्याखाली पावले नाहीत

शेगाव महाराष्ट्राला माहीत आहे ते गजानन महाराजांच्या समाधीमुळे. पण हे गाव अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यातही येते, आणि खारट विहिरींवरून ‘पूर्वी इथे समुद्र होता’ असा तर्क सहज केला जातो. मग टेक्सासमध्ये पॅलक्सी नदीच्या पात्रातल्या चुनखडकावर किंवा जैसलमेरजवळ थईयातच्या किनारी खडकात डायनासोरची पावले उमटली, तशी इथे का सापडू नयेत? हा तर्क पहिल्याच पायरीवर घसरतो. पाणी खारे व्हायला समुद्रच लागतो असे नाही. हा पट्टा म्हणजे पूर्णा नदीचे खोरे, आणि त्यातला गाळ बारीक, चिकण. पाऊस बेताचा, ऊन कडक. पाण्याचा निचरा होत नाही, त्याची वाफ होते आणि क्षार मागे उरतात. समुद्र होता असे घटकाभर मानले तरी हिशेब जुळत नाही. हा गाळ फार तर २०-२५ लाख वर्षांचा, आणि डायनासोर संपून सुमारे ६.६ कोटी वर्षे झाली. पाऊल पडायला हा चिखल तेव्हा नव्हताच.

‘गाळाखाली तरी असतील,’ असे कुणी म्हणेल. गाळाखाली आहे तो बेसॉल्ट, थरावर थर साचून थिजलेला लाव्हा. ठसा टिकायचा तर चिखल ओला हवा, तो जरा वाळायला हवा आणि मग नव्या गाळाने अलगद झाकला जायला हवा. लाव्ह्यावर हे घडत नाही. त्याच्या आधीची जमीन पाहायला विदर्भाच्या पूर्वेला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला जावे. तिथे नद्या-तळ्यांचा जुना गाळ उघडा पडला आहे. त्यात टायटनोसॉर या डायनासोरची हाडे आहेत आणि दगड झालेली विष्ठाही. २००५ साली शास्त्रज्ञ वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी त्या विष्ठेत गवताचे सिलिकाकण ओळखले. धानाची पात बोट कापते ती असल्याच कणांमुळे. पावलावरून प्राणी कुठून कसा चालला ते कळते, इथे त्याने काय खाल्ले ते कळले, आणि गवताच्या जाती तेव्हाच फुटू लागल्या होत्या हेही. मला हा पुरावा पावलाहून मोलाचा वाटतो. विष्ठा टायटनोसॉरचीच कशावरून, ही शंका रास्त आहे. त्याच थरातली हाडे हाच तसे मानण्याचा मुख्य आधार. पण ती दुसऱ्या कुणाची ठरली तरी गवताची साक्ष पुसली जात नाही. ती पुसली जाते वेगळ्याच रीतीने: शेतात वर आलेला तुकडा कुणी सहज खिशात घालतो, आणि तो कुठल्या थरातला होता हे त्याच क्षणी हरवते.