मुरगळलेला घोटा



पाय मुरगळणें ही गोष्ट आपल्या घरांतून इतकी परिचयाची आहे कीं, तिला आपण दुखणें असें नांवहि देत नाहीं. मुलगा कबड्डी खेळून लंगडत आला, किंवा ओट्यावरून उतरतांना आजीचें पाऊल वांकडें पडलें, म्हणजे कोणी आंबेहळद उगाळतो, कोणी घोटा चोळून देतो, आणि आठ दिवसांत सूज उतरली कीं प्रकरण मिटलें असें सारे समजतात. पुष्कळ वेळां तें मिटतेंहि. परंतु घोट्याचे बंध फाटले असतील, तर सूज उतरली त्या दिवशीं उपचाराचा अर्धा भागहि झालेला नसतो. राहिलेला भाग कोणता, आणि तो टाळला असतां काय होतें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

प्रथम घोट्याची रचना पाहूं. नडगीचें जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या अंगाचें बारीक हाड यांचीं खालचीं टोकें चिमट्याप्रमाणें दोन्ही बाजूंनीं उतरलेलीं असतात, व त्या चिमट्यांत पावलाचें सर्वांत वरचें हाड बसविलेलें असतें. आपल्या हातास लागणारे दोन उंचवटे म्हणजे या चिमट्याचींच टोकें होत. हीं हाडें जागा सोडूं नयेत म्हणून चिवट तंतूंच्या पट्ट्यांनीं तीं एकमेकांस बांधलेलीं असतात. या पट्ट्यांस अस्थिबंध म्हणतात. आंतल्या बाजूचा बंध रुंद, त्रिकोणी व फार बळकट असतो. बाहेरच्या बाजूस तीन अरुंद बंध असतात, आणि त्यांपैकीं पुढचा सर्वांत दुबळा. पाऊल आंतल्या बाजूस वळून शरीराचा भार त्यावर पडला कीं, बहुधा हा पुढचा बंध प्रथम ताणला जातो, मग फाटतो. आघात मोठा असेल तर त्याच्या शेजारचाहि बंध तुटतो.

असा आघात होण्यास क्रीडांगणच लागतें असें नाहीं. आमच्या वर्धा जिल्ह्यांतील काळी कपाशीची जमीन उन्हाळ्यांत भेगाळते, आणि पाऊस पडला कीं तीच इतकी चिकण होते कीं धुऱ्यावरून चालतांना पाऊल ठरत नाहीं. पांदणींतल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या कठीण होतात. पऱ्हाटीच्या ओळींतून कापूस वेचणाऱ्या बाईचे डोळे बोंडांवर असतात. पाय कोठें पडतो तें पाहण्यास तिला सवड नसते. कमरेला वेचलेल्या कापसाचें ओझें असतें, आणि अशा वेळीं पाऊल वळलें तर तोल सांवरणें कठीण जातें.

पाय मुरगळल्यावर पहिला प्रश्न हाड मोडलें आहे काय, हा असतो. कॅनडांतील ओटावा येथील डॉक्टरांनीं 1992 सालीं याकरितां एक सोपी कसोटी प्रसिद्ध केली, व ती आतां जगभर वापरतात. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर दाबलें असतां हाडांतच कळ येते काय, आणि दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळींहि चार पावलें टाकतां येतात काय, हें पाहावयाचें. हाड दुखत असेल, किंवा चार पावलें टाकणें अशक्य असेल, तर क्ष-किरण चित्र काढलेंच पाहिजे. पावलाच्या बाहेरच्या कडेचा मध्यावरील उंचवटा व आंतल्या बाजूची कमान यांवरील हाडेंहि तशींच दाबून पाहावींत. लहान मुलें, आणि मधुमेहामुळें ज्यांचे पाय बधिर झाले आहेत असे लोक, यांच्या बाबतींत केवळ या कसोटीवर विसंबूं नये.

हाड शाबूत असलें तरी बंधांची इजा कमीअधिक असते. बंध नुसता ताणला असेल तर एक-दोन आठवड्यांत मनुष्य बहुधा पूर्ववत् चालूं लागतो. अर्धवट फाटला असेल तर अनेक आठवडे लागतात, आणि पुरता तुटला असेल तर कित्येक महिने. पहिल्या दोन-तीन दिवसांत फाटलेल्या तंतूंतून रक्त झिरपत असतें. म्हणून या काळांत चोळणें, मालीश करणें व गरम शेक देणें वर्ज्य समजावें. त्यानें रक्तस्राव व सूज हीं दोन्हीं वाढतात. पाय उशीवर उंच ठेवावा, पट्टीनें बेताचा आवळावा, आणि वेदना कमी होण्यासाठीं फडक्यांत गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटें लावावा. बर्फानें कळ थांबते. बंध जुळत नाहीं, हेंहि लक्षांत असावें.

मग पाय किती दिवस जखडून ठेवावा? पूर्वीं सहा-सहा आठवडे प्लास्टर घालीत. आतां तसें करीत नाहींत, कारण सांधा आंखडतो व पोटरीचे स्नायु रोडावतात. उलट, जबर इजेंत अगदींच मोकळें सोडणेंहि हिताचें नसतें. इंग्लंडांतील 584 रोग्यांच्या एका पाहणीचे निष्कर्ष 2009 सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत साध्या नळीदार पट्टीपेक्षां गुडघ्याखालीं दहा दिवस प्लास्टर घातलेले रोगी तीन महिन्यांच्या सुमारास अधिक बरे असल्याचें आढळलें. नऊ महिन्यांनंतर मात्र दोहोंत भेद राहिला नाहीं. तात्पर्य, थोडे दिवस भक्कम आधार, आणि त्यानंतर हालचाल.

फाटलेला बंध जुळतो कसा? पहिल्या कांहीं दिवसांत शरीर जखमेची सफाई करतें. पुढें सुमारें सहा आठवडे नवे तंतु घालीत राहतें. हे तंतु आरंभीं अस्ताव्यस्त व कच्चे असतात. त्यांवर बेताबेतानें ताण पडत गेला, तर ते ताणाच्या दिशेनें रांगेंत बसतात व बळकट होतात. हें काम कित्येक महिने, कधीं वर्षभरहि चालतें. म्हणजे वेदना थांबते त्या वेळीं बंध अद्याप कच्चाच असतो. चालणाऱ्याला हें कळत नाहीं, आणि फसगत होते ती येथेंच.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. बंध हा नुसता दोर नव्हे. त्यांत मज्जातंतूंचीं टोकें असतात, आणि पाऊल कोणत्या कोनांत टेकत आहे याची वार्ता तीं मेंदूस पोंचवितात. पाऊल वळूं लागतांच पोटरीच्या बाहेरच्या अंगाचे स्नायु त्याला सरळ करतात, तें या वार्तेच्या आधारें. बंध फाटला कीं ही जाणीवहि मंदावते. इंग्लंडांतील शल्यवैद्य फ्रीमन यांनीं 1965 सालीं याकडे लक्ष वेधलें, व तोल सांवरण्याच्या व्यायामानें असे घोटे पुनः भरंवशाचे होतात असें दाखविलें. घोटा ‘दगा देतो’, सपाट रस्त्यावरहि वळतो, असें जे लोक वर्षानुवर्षें सांगतात, त्यांच्यापैकीं पुष्कळांचा हा व्यायामच राहून गेलेला असतो.

व्यायामास खर्च कांहींच नाहीं. वैद्यानें परवानगी दिली कीं, प्रथम बसून पाऊल वरखालीं करावें, व हवेंत अक्षरें गिरवावींत. पुढें दाराची चौकट धरून टांचा उचलाव्या. त्यानंतर दुखऱ्या पायावर एकट्यानें उभें राहावें. आधीं चौकट धरून, मग सोडून, शेवटीं डोळे मिटून, अर्ध्या मिनिटापर्यंत. थोडी ओढ लागली तर चालेल. परंतु दुसऱ्या दिवशीं सूज वाढली, तर आदल्या दिवशीं अति झालें असें समजावें. हा क्रम किमान सहा आठवडे रोज चालवावा, आणि खेळतांना किंवा शेतांत जातांना पुढेंहि कित्येक महिने पट्टा बांधावा.

घाई करून भागत नाहीं, याचें एक उदाहरण आपल्या प्रांतांतच घडलें. पुण्याजवळ गहुंजे येथें 19 ऑक्टोबर 2023 रोजीं बांगलादेशाविरुद्धच्या विश्वचषक सामन्यांत हार्दिक पंड्या यानें स्वतःच्या गोलंदाजीवरील फटका पायानें अडवूं पाहिला, आणि त्याचा डावा घोटा दुखावला. त्या षटकाचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीनें टाकले. 4 नोव्हेंबरला पंड्या स्पर्धेंतून बाद झाल्याचें जाहीर झालें, आणि पुनः सामन्यांत उतरण्यास त्याला चार महिन्यांहून अधिक काळ लागला. निष्णात वैद्य दिमतीला असणाऱ्या तरुण खेळाडूची ही कथा. मात्र पुढें 29 जून 2024 रोजीं विश्वविजयाच्या सामन्यांतील अखेरचें षटक त्यानेंच टाकलें, हेंहि विसरूं नये.

रोजंदारीवर जगणाऱ्याला चार महिने कोण देणार, हा प्रश्न खरा आहे. या जिल्ह्यांतील पवनारहून निघून विनोबा 1951 पासून 1964 पर्यंत देशभर पायीं हिंडले. पायांवरच ज्यांचा संसार चालतो अशीं माणसें येथें आजहि पुष्कळ आहेत. घोटा वारंवार वळूं लागला कीं सांध्याची कूर्चा झिजते, आणि चाळिशींतच चढउतार करणें नकोसें होतें. व्यायाम करूनहि घोटा ठरत नसेल, तर बंध पुनः शिवून घट्ट करण्याची शस्त्रक्रिया आहे. ब्रॉस्ट्रॉम या स्वीडिश शल्यवैद्यानें ती 1966 सालीं वर्णन केली. सेवाग्राम येथें 1969 सालीं ग्रामीण भागासाठीं निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचें कस्तुरबा रुग्णालय आहे. तेथें किंवा सावंगीच्या रुग्णालयांत अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला मिळतो. आपल्या घरीं धुणीभांडीं करणाऱ्या बाईचा पाय मुरगळला, तर तिला हळदीबरोबर चार दिवसांची भरपगारी रजा द्यावी, आणि एका पायावर उभें राहण्याचा व्यायाम शिकवावा. दुसरें औषध तिला परवडेलच असें नाहीं.

घोटा बरा झाला हें केव्हां म्हणावें? पाऊल सपाट टेकून उकिडवें बसतां आलें, दुखऱ्या पायावर डोळे मिटून चांगल्या पायाइतकेंच उभें राहतां आलें, आणि त्याच एका पायावर टांच पुनः पुनः उचलतां आली, म्हणजे. तोंवर सूज दिसली नाहीं तरी उपचार चालूंच ठेवावा.