‘बोर्ड’ या शब्दाचे अर्थ व त्याचे अध्यापन

पुण्याच्या शनिवार पेठेत शाळेस निघालेल्या मुलास ‘बोर्ड’ हा इंग्रजी शब्द निरनिराळ्या अर्थांनी भेटतो. दुकानावरील पाटी हा बोर्ड. रमणबागेतील न्यू इंग्लिश स्कूलच्या वर्गातील फळा हाही बोर्ड. आणि दहावीची परीक्षा घेणारे मंडळ तेही बोर्डच. एका शब्दास इतके अर्थ कसे आले, हे शिक्षकांनी जाणून घेणे इष्ट आहे.

मूळ अर्थ लाकडी फळी. फळीचे मेज झाले. मेजावर वाढलेल्या अन्नासही तेच नाव पडले. त्यावरून राहण्याजेवण्याची सोय ते ‘बोर्डिंग’. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात काढलेले व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग या अर्थाचे होय. मेजाभोवती बसून विचार करणारी मंडळी तीही बोर्ड. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा येण्यापूर्वीची लोकल बोर्डे याच अर्थाची.

खेड्यातील मूल ‘बोर्ड म्हणजे फळा’ एवढेच पाठ करते. पुढे वसतिगृहाचा अर्ज हाती आला म्हणजे हा ओळखीचा शब्दच त्यास अडवितो, व ते स्वतःस मंद समजू लागते. दोष मुलाचा नसून एका अर्थावर थांबलेल्या पाठाचा असतो. यास्तव अर्थांची यादी पाठ करवू नये. फळ्यावर फळी, मेज, पाटी व सभा यांची चित्रे काढावीत, प्रत्येकाशेजारी एक वाक्य लिहावे आणि वाक्यावरून अर्थ मुलांकडूनच काढवून घ्यावा.